बाबेलच्या राजाची कंबर

निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी हेडसरांची मान ताठच होती. वाचनालयाच्या वर्धापनदिनासाठी ग्रंथपालबाईंनी बाबेलच्या गर्विष्ठ राजाचं नाटक बसवायला घेतलं, तेव्हा राजा कोण होणार हे कुणी विचारलंच नाही. हेडसर आधीच झगा शिवून मोकळे झाले होते.

गोष्ट तशी जुनी, बायबलातली. दानिएल संदेष्टा राजाला बजावतो, की बाबा रे, जरा नमून वाग. राजा कसला ऐकतोय! महालाच्या गच्चीवर उभा राहून 'हे नगर मीच उभारलं' म्हणतो, आणि शब्द तोंडात असतानाच आकाशवाणी होते. राजाचं डोकं फिरतं. तो गुरासारखा रांगत गवत खातो, आणि वर देवाकडे बघतो तेव्हाच शुद्धीवर येतो.

हेडसरांना गच्ची पसंत होती. गवत नव्हतं.

"समोर माझे विद्यार्थी बसणार," ते तालमीत म्हणाले. "त्यांच्यापुढे मी रांगू? राजा उभ्यानंच पश्चात्ताप करील."

"मग देवानं नेमकं केलं काय, सर?"

"समज दिली. लेखी."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि रांगणं कापलं.

दुसरी अडचण आकाशवाणीची. आवाज खणखणीत म्हणून बाईंनी शाळेच्या जुन्या शिपाईमामांना माइक देऊन पडद्यामागे बसवलं होतं. तीस वर्षं ज्यांना 'खडू आण, घंटा दे' म्हटलं, ते आता 'हे राजा, तुझं राज्य गेलं' म्हणणार. "निदान 'आपलं राज्य' म्हण," हेडसरांनी सुचवून पाहिलं.

"सर, मी देव आहे," मामा नम्रपणे म्हणाले. "देव कुणाला अहोजाहो करत नाही."

नाटकाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. दोन टेबलं जोडून केलेल्या गच्चीवर हेडसर चढले. "या नगराची वीट न् वीट मी रचली," ते गरजले, आणि भरात येऊन पदरचं जोडलं, "शाळेची नवी इमारतसुद्धा!" हात असा काही उंच फेकला, की मुकुट उडून खाली पडला. ते खाली उतरले, मुकुट उचलायला वाकले, आणि कंबरेत उसण भरली. सरळ होता येईना.

आयुष्यभर त्यांनी ज्यांना अंगठे धरून उभं केलं होतं, ती सगळी मंडळी समोर बसून आता सरांकडे बघत होती.

"हे राजा, तुझं राज्य गेलं," आकाशवाणी झाली.

"अरे, कंबर गेली," राजा दाढीतून पुटपुटला.

मामांनी फटीतून पाहिलं. मग तोच धीरगंभीर आवाज आला, "हे राजा, उठू नकोस. गुडघे टेक. हळूहळू डाव्या बाजूला रांगत ये."

राजा रांगला. प्रत्येक पावलागणिक असा काही कण्हला, की पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी डोळे पुसले. संधी साधून ग्रंथपालबाईंनी विंगेतून गवताची पेंडी पुढे सरकवली. हेडसरांनी बाईंकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं एक घास घेतला. टाळ्यांनी छप्पर दणाणलं.

पडदा पडल्यावर मामांनी त्यांना बाकावर पालथं झोपवलं. प्रेक्षकांतून हाडांचे एक डॉक्टर धावत आले. सरांचेच विद्यार्थी. मागोमाग सरांची बायकोही आली.

"किती वेळ वाकलेले होतात, सर?" कंबर चाचपत डॉक्टरांनी विचारलं.

"पाच मिनिटं असेल. जीव गेला रे."

"आम्ही अख्खा तास असायचो," डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता.

"चुकलंच माझं," हेडसर बाकाच्या फळीकडे बघत म्हणाले.

डॉक्टरांचा हात थांबला. मामा उगाच माइकची वायर गुंडाळायला लागले. बायकोनं मात्र खुर्ची ओढली आणि त्यांच्या तोंडाजवळ येऊन बसली.

"परत एकदा म्हणा," ती म्हणाली. "मला नीट ऐकू आलं नाही."