काटा तीनवरच राहू द्या

मित्रांनो, मी एक जुनं घड्याळ आहे आणि मी खोटी वेळ सांगतो. रागावू नका, मला त्यासाठीच जन्माला घातलंय!

माल्टा बेटावरच्या मार्सझनूबर बंदरात, चर्चच्या दर्शनी भिंतीवर आम्ही दोघं आहोत. उजवीकडचा माझा भाऊ खरा. त्याच्या पोटात चाकं आहेत, तो तेल पितो, टोले देतो. मी डावीकडचा, नुसता रंगवलेला. सैतान माणसाच्या मरणाची घटका साधून त्याचा आत्मा पळवतो, अशी इथल्या जुन्या लोकांची समजूत. दोन घड्याळांवर दोन वेगळ्या वेळा दिसल्या, की तो गोंधळलाच!

मला रंगवणारा जलोर्मू भारी बिलंदर होता. त्याने माझा लहान काटा बरोब्बर तीनवर काढला आणि मोठा बरोब्बर सहावर. आता साडेतीनला लहान काटा तीनच्या पुढे सरकलेला असतो की नाही? म्हणजे मी दिवसातून एकदासुद्धा खरा ठरत नाही.

माझी तेव्हा खूप वाहवा झाली. पुढे महायुद्धात विमानांनी बंदरावर बाँब टाकले, एक तुकडा माझ्या नऊच्या आकड्याला लागला. आसऱ्याच्या भुयारातून बाहेर आलेली माणसं माझ्याकडे बघून म्हणाली, "चुकला रे सैतान!" त्यानंतर मात्र मला सगळे विसरले. इथल्या माणसाची नजर वर गेली की थेट उजवीकडे जाते. मी असून नसल्यासारखा.

मग रोझीनाचा तो दिवस उजाडला. पाहुण्यांना गाव दाखवायचं काम तिला नवंनवं मिळालं होतं. पहिली फेरी नीट पार पडली तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा आईबरोबर मासळीच्या टोपल्या. पोरीने काय सुरेख सांगितलं! टेहळणीचा बुरूज, तुर्कांची गलबतं, खडकात कोरलेली मिठागरं. शेवटी म्हणाली, "आता मोकळे फिरा. चारला होडी सुटेल. चर्चवर घड्याळ आहे, कुठूनही दिसतं."

घड्याळ आहे! एकच! इथेच जन्मलेली ती, तिला माझी आठवणच झाली नाही. ओरडावंसं वाटलं, पण मला धड टोलासुद्धा देता येत नाही.

चारला होडी भरली. दोघं कमी. डेन्मार्कचे एक आजी-आजोबा आलेच नव्हते. वारा चढत होता आणि होडी रोझीनाच्या मामाची, वीस्तीनची.

"रोझीना, हा वारा काही तुझा मामा नाही, थांबायला!"

"मामा, पाचच मिनिटं!"

"तुझ्या आईनेपण लग्नाच्या दिवशी पाचच मिनिटं मागितली होती. जेवण थंड झालं सगळ्यांचं!"

रोझीना धावत चौकात आली. आजी-आजोबा माझ्या खालीच बसून चीज भरलेल्या गरम पुऱ्या खात होते. सणाचा आठवडा, त्यामुळे घंटा आणि फटाके दिवसभर चालूच. त्यात भावाचे टोले कुणाला कळणार? आजोबांच्या फोनने फोटो काढून काढून मान टाकली होती.

"बस बाळ, खा," आजी म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "अजून अर्धा तास आहे की!"

रोझीनाने बोटामागून वर पाहिलं. जन्मात पहिल्यांदा तिने मला नीट पाहिलं.

"अगं आई गं! आजी, हा मेला खोटारडा आहे!"

आजोबांनी चष्मा चढवला. "थांब हं. लहान काटा तीनवर? हे तर अशक्य आहे!"

"अशक्यच आहे, आजोबा! होडीत सांगते, आधी पळा!"

मामा थांबला होता, शिव्या देत का होईना. खाडीच्या तोंडाशी लाटांनी सगळ्यांना भिजवलं. एका बाईंचे नवे बूट वाया गेले, त्यांनी रोझीनाच्या कचेरीत तक्रारही केली. रोझीनाला बोलणी बसली. पण आजोबा तिथेच थांबून सगळ्यांना माझ्या काट्याची करामत समजावत होते! शेवटी कचेरीतले साहेब वैतागून म्हणाले, "उद्या ये. आणि सुरुवात त्या घड्याळापासून कर."

आता ती रोज माझ्यापासूनच सुरुवात करते.

परवा घंटा वाजवणारे म्हातारे नेनू काका शिडी लावून वर आले. माझे रंग उडालेत ना! ब्रश बुडवून म्हणाले, "काटा जरा पुढे घेतो. जलोर्मूची चूक दुरुस्त करतो."

खालून रोझीना ओरडली, "काट्याला हात लावाल तर शिडी काढून नेईन!"

"अगं, साडेतीनला काटा असा नसतो!"

"म्हणूनच तर! दुरुस्त केलात तर तो रोज दोनदा खरा ठरेल. नेमका तेव्हाच सैतान तुमच्यासाठी आला तर?"

काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. काटा तीनवर होता, तिथेच गिरवला. वर आणखी एक जाड हात मारला!

मित्रांनो, पाहुण्यांना गाव दाखवाल तेव्हा सवयीने जे तुम्हाला दिसेनासं झालंय, ते आधी सांगा. आणि जुनं काही दुरुस्त करायच्या आधी विचारा, हे चुकलंय की मुद्दाम असं आहे? माझा रंग उडाला तर जरूर द्या. नऊचा आकडाही भरून घ्या, हरकत नाही.

काटा मात्र तीनवरच राहू द्या. नेनू काकांना अजून बरीच वर्षं घंटा वाजवायची आहे.