न मोजलेलं पाणी

उन्मेष सरांना माझं चित्र आवडलं नाही, कारण त्यात भोक होतं.

होतंच. रत्नागिरीबाहेरच्या समुद्रात चाळीस ठिकाणी यंत्र खाली सोडून आमच्या ऑफिसला पाण्यातला प्राणवायू मोजायचा होता. आम्ही मोजला छत्तीस ठिकाणी. उरलेली चार ठिकाणं नेमकी तिथली, जिथं एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळाचं तोंड उघडणार आहे. सगळे आकडे खोलीसकट सॉफ्टवेअरमध्ये घातल्यावर समुद्राचा रंगीत ठोकळा तयार झाला. माऊसनं हवा तसा फिरवावा, वरून बघावा, पोटातून बघावा. आणि त्या पोटातच पोकळी.

"त्यात काय एवढं? आजूबाजूच्या आकड्यांवरून सॉफ्टवेअर भरतं की," सर म्हणाले आणि वाकून त्यांनीच बटण दाबलं. पोकळी निळीशार भरली. निळं म्हणजे भरपूर प्राणवायू.

दोन ठिकाणांमधलं थोडं पाणी असं अंदाजानं भरतात, ते मलाही मान्य आहे. पण अख्खे चार किलोमीटर? शिवाय बोटीचे तांडेल सदूकाका मोजणीच्या वेळी म्हणाले होते, "तिथं तळाला खड्डा हाय. पाणी तुंबून ऱ्हातं." आणि तुंबलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो.

"सर, तिथं आपण गेलोच नव्हतो."

"का नव्हतो, मनस्विनी? सांगू का ते उद्या मच्छीमारांच्या सभेत?"

कारण मीच होते. मी खेडची. पाणी म्हणजे जगबुडी नदीचं, तेही पुलावरून पाहिलेलं. छत्तिसाव्या ठिकाणानंतर मला अशी बोट लागली की सदूकाकांनी कोणाला न विचारता बोट मागे वळवली. पुन्हा जाऊ, पुन्हा जाऊ म्हणत सर कधी गेलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्यात सभा भरली. चाळीसेक मच्छीमार, पुढच्या रांगेत सदूकाका हाताची घडी घालून. सर बोलत होते, मी लॅपटॉपवर ठोकळा फिरवत होते. "बघा, सगळीकडे निळं," सर म्हणाले. सदूकाका पडद्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होते. चित्राखाली नाव माझं होतं. मला सरांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. सरांनी भरलेला रंग मी काढून टाकला.

"ही जागा मोजलेलीच नाही," मी उभी राहून म्हणाले. "मघाचं निळं अंदाजानं भरलेलं होतं. मला बोट लागली, ओकून ओकून मी आडवी झाले, म्हणून आम्ही मागे फिरलो."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. हसेनात का.

"उद्यापासून ऑफिसला येऊ नकोस," सर दातओठ खात पुटपुटले.

"उद्या मला वेळही नाही. यंत्र सोमवारपर्यंत माझ्या सहीवर आहे, आणि चार ठिकाणं राहिलीयत."

मी हे मोठ्यानंच बोलले. सभागृहातलं हसू थांबलं. सदूकाका उठले, पडद्याजवळ गेले आणि पोकळीवर बोट ठेवून म्हणाले, "ह्योच तो खड्डा. पहाटे पाचला निघू. आणि गो, चार घास खाऊन ये. बोट रिकाम्या पोटीच लागते."