सातव्या फेरीतला डावा गार्ड

गॉर्डी मॅटाशने बिअरचा रिकामा जग टेबलाभोवती फिरवला. रे आणि एमिलने आपापले फोन निमूटपणे त्यात टाकले. स्वतःचा फोन गॉर्डीने सगळ्यांना दिसेल असा वर धरून शेवटी टाकला आणि जग खिडकीत नेऊन ठेवला. लोरेटा हुडाकचा फोन मात्र तिच्याच हातात राहिला. टेबलावर जो सगळ्यात नवा, त्याने फोनवर आलेलं नाव मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी ग्रेड द्यायची, असा तिथला कायदा होता. रेला एकदा टेबलाखाली कुणा तज्ज्ञाचं मत चोरून वाचताना पकडलं होतं, तेव्हापासूनचा हा कायदा. बायबलमध्ये सुद्धा इतके कायदे नसतील, असं लोरेटाला वाटलं.

एप्रिलमधला शेवटचा शनिवार होता. देशातले सगळे व्यावसायिक संघ गुरुवारपासून पाळीपाळीने कॉलेजांतले अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू निवडत होते आणि आता शेवटच्या फेऱ्या उरल्या होत्या. आपल्या शहराच्या संघाने उचललेल्या प्रत्येक पोराला स्लोव्हाक क्लबच्या मागच्या खोलीत बसून हे तीन म्हातारे ए ते एफ अशी शाळेसारखी ग्रेड द्यायचे. ग्रेडबरोबर कारणही सांगायचं, आणि एकदा फळ्यावर चढलेली ग्रेड पुसायची नाही. तीसेक वर्षं हे चाललं होतं. संघाला याचा पत्ताही नव्हता, आणि असता तरी संघ जसा हरत आला तसाच हरत राहिला असता.

गॉर्डी नळ दुरुस्त करायचा, आता निवृत्त होता. शाळेत नववीपर्यंत तो फुटबॉल खेळला होता, म्हणजे बाकावर बसला होता. आता क्लबच्या सात पायऱ्या चढताना तो दोनदा थांबे आणि वर पोचला की बावीस वर्षांच्या पोरांचे पाय कसे जड आहेत ते सांगे. उंटावरून शेळ्या हाकायच्या तर हाका, पण उंट तरी स्वतःचा असावा. रे टुचेकने बस चालवत आयुष्य काढलं होतं आणि त्याचं मत म्हणजे गॉर्डीचं मत, फक्त एक ग्रेड वर. एमिल सोब्चॅक टपाल वाटायचा. तो कमी बोलायचा, फळ्यावर लिहायचं काम त्याच्याकडे होतं.

चौथी खुर्ची बर्नीची होती. लोरेटाच्या नवऱ्याची; दोघांचा संसार एकेचाळीस वर्षांचा. चारही खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगात नावं रंगवलेली होती आणि बर्नी नोव्हेंबरात गेला तरी त्याचं नाव अजून तसंच होतं. मागच्या आठवड्यात गॉर्डीने फोन करून सांगितलं की आपला मेहुणा व्हिन्स आता त्या खुर्चीवर बसेल, बर्नीचं नाव तेवढं घासून काढू, तुझी हरकत नाही ना. खरं तर हरकत असायचं काही कारण नव्हतं. जन्मभर तिने या खुर्चीला शिव्याच घातल्या होत्या. त्यांच्या लग्नाचा वाढदिवसही नेमका याच दिवसांत यायचा आणि बर्नी दरवर्षी इथे बसलेला असायचा. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, ‘त्या खुर्चीवर मी बसेन.’

गॉर्डीला हसू आवरलं नाही. पण बिचारी विधवा म्हणून त्याने मोठेपणा दाखवला. आज बस, म्हणाला. शेवटचं नाव झालं की आम्ही तिघं हात वर करून ठरवू. बाईला खेळ कळतो असं दिसलं तर खुर्ची तुझी, नाहीतर व्हिन्सची.

तर ती आली होती. येताना कांदा घालून परतलेल्या पिरोगींचा, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्यांचा, डबाही आणला होता. तो तिघांनी पहिल्या पंधरा मिनिटांत फस्त केला आणि कांदा जरा करपलाय असं गॉर्डीने सांगितलं.

चौथ्या फेरीत संघाने एक चेंडू झेलणारा घेतला. लोरेटाने नाव वाचलं. गॉर्डी खुर्चीत मागे रेलला, डोळे मिटले आणि म्हणाला की पोरगा बुटका आहे, उंच बचावपटूपुढे त्याचा निभाव लागणार नाही. एफ. रेने मान डोलावून डी दिली. लोरेटाच्या फोनवर नावाखालीच त्या पोराची उंची आली होती, सहा फूट चार इंच. तिने फोनकडे पाहिलं, गॉर्डीकडे पाहिलं आणि आकडा स्वतःपाशीच ठेवला. पाचव्या फेरीतला पोरगा गॉर्डीच्या मते डावखुरा होता आणि फोनच्या मते नव्हता. सहाव्या फेरीतल्याला रेने ‘त्या दक्षिणेकडच्या कॉलेजचा’ म्हणून मोडीत काढलं आणि ते कॉलेज निघालं कॅनडाच्या सरहद्दीला लागून. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि हे तिघं ढेकर देत होते. यासाठी बर्नी दर वर्षी तीन तीन दिवस घराबाहेर असायचा? तिला हसूही येत होतं आणि संतापही.

तिची पाळी शेवटी यायची. सहाव्या फेरीतल्या पोराला तिने सी दिली. रेने कारण विचारलं. तिने सांगितलं की मला तो माहीत नाही.

“माहीत नाही ही ग्रेड नसते,” गॉर्डी म्हणाला. “हे वाणसामान नव्हे, लोरेटा.”

मग तो रेकडे वळला आणि ती तिथे नसल्यासारखा बोलू लागला. बर्नीचंही हेच होतं म्हणे. कुणीही येऊ दे, बर्नीची आपली सी प्लस. कारण काय, तर पोराला जरा वेळ द्या. इतकी वर्षं या टेबलावर बसला, पण एकदा धड एफ दिली नाही की धड ए दिली नाही. मन मोठं होतं बर्नीचं, पण खेळातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. रे खुदकन हसला. एमिल फळ्याकडे तोंड करून खडूची टोकं निवडत राहिला.

याच गॉर्डीने दफनाच्या दिवशी तिचा हात हातात घेऊन सांगितलं होतं की आमच्यातला खरा जाणकार बर्नीच होता.

पुढच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचं जेवण चाललं होतं, त्यामुळे तिथला टीव्ही बंद होता. यांचे फोन खिडकीत. नाव कळायला या खोलीत लोरेटाशिवाय दुसरा मार्ग नव्हता. तिने ठरवून टाकलं. सातव्या फेरीतलं नाव आपण आपलं ठोकून द्यायचं. हे तिघं त्यावर अक्कल पाजळतील, ती शांतपणे ऐकून घ्यायची, आणि मग सांगायचं की असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर नाही. खुर्ची काखोटीला मारायची आणि घरी जायचं. मग खुशाल हात वर करा नाहीतर पाय.

तासाभराने फोनवर दिसलं की पुढची पाळी आपल्या संघाची. नाव अजून यायचं होतं. तिने घसा साफ केला.

“ड्वेन पेलकी,” ती म्हणाली. तिला रक्तदाबाच्या गोळ्या देणाऱ्या औषधवाल्याचं आडनाव पेलकी होतं. “डावा गार्ड. टॅमरॅक व्हॅली कॉलेज.”

एमिलने लिहून घेतलं. असं कॉलेज आहे का, असं कुणी विचारलं नाही. रेने उंची आणि वजन विचारलं, आणि लोरेटा अडली. याचा विचार तिने केलाच नव्हता. गार्ड केवढा असतो? समोरच्याला अडवणारा माणूस, म्हणजे दांडगा असणार, पण दांडगा म्हणजे किती? फुटबॉलचे एकच आकडे तिला पाठ होते. स्वयंपाकघरात रबरबँड आणि कात्री ठेवायच्या खणात बर्नीच्या शाळेच्या सामन्याचं एक जुनं छापील पत्रक पडलेलं असायचं आणि कात्री काढताना दर वेळी ते हाताला लागायचं. आकडे आपसूक तोंडातून बाहेर पडले.

“सहा फूट एक इंच. दोनशे चाळीस पौंड.”

“दोनशे चाळीस?” रे म्हणाला. “माझी मावशी अडीचशेची होती.”

“डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय,” लोरेटा बोलून गेली. “दोनदा.”

एमिलच्या हातातला खडू क्षणभर थांबला. मग त्याने तेही लिहिलं. लोरेटाला आपण काय बोलतोय हे आत्ता कुठे कळत होतं. फळ्यावर नाव पेलकीचं होतं, पण त्याखाली शाळेच्या संघातला डावा गार्ड बर्नी उभा होता.

रेने डी दिली. गॉर्डी मात्र घाईत नव्हता. असा मासा गळाला लागावा म्हणून तर तो वर्षभर वाट बघायचा. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. हा पोरगा आपण जानेवारीत पाहिलाय, म्हणाला. सबंध सामना पाहिलाय.

“जागचा हलत नाही,” गॉर्डी म्हणाला. “मागून धक्का दे, हलत नाही. हाक मार, तरी हलत नाही. स्वतःहून काही करायचं म्हणून नाही. भांडायचंसुद्धा नाही. अशा माणसांच्या हातून जन्मात काही होत नसतं. दुसऱ्या कुणाला पळता यावं म्हणून ही माणसं नुसती उभी असतात. एफ.”

हीच वेळ होती. तिने तोंड उघडलंही. पण गॉर्डी जे बोलला ते तिने आधी ऐकलं होतं. ऐकलं कसलं, ती स्वतःच बोलली होती. भांडी घासताना बोलली होती, बहिणीला फोनवर सांगताना बोलली होती, बर्नी शेजारच्या खोलीत आहे आणि त्याला ऐकू जातंय हे माहीत असून बोलली होती. याच्या हातून जन्मात काही होणार नाही. हाक मारली तरी जागचा हलत नाही. तो कधी उलटून बोलला नाही. थोड्या वेळाने तो आत यायचा आणि फडकं घेऊन बश्या पुसायला लागायचा, आणि त्याचाही तिला रागच यायचा. तिने रात्रपाळ्या करून परिचारिकेची परीक्षा दिली तेव्हा दोन्ही मुलांना आंघोळ घालून शाळेत कोण सोडायचं, हे तिला आज या घाणेरड्या खोलीत, करपट कांद्याच्या वासात आठवत होतं. तेव्हा आठवलं नव्हतं. गॉर्डी खोटारडा होता, पण त्याने निदान त्या पोराला पाहिलं नव्हतं. तिने रोज पाहून हीच ग्रेड दिली होती, आणि दफनाच्या दिवशी गॉर्डीने जी थाप मारली तेवढी थापसुद्धा बर्नी जिवंत असताना तिने कधी मारली नव्हती. तिला स्वतःची शिसारी आली.

“लोरेटा,” गॉर्डी म्हणाला. “तुझी ग्रेड. आणि जरा डोकं वापर, हे शेवटचं नाव आहे. यावरच आम्ही ठरवणार.”

रे दातांत काडी घालत होता. खुर्ची कुणाची होणार हे त्याच्या चेहऱ्यावर आत्ताच दिसत होतं.

“ए,” लोरेटा म्हणाली.

रेने काडी काढली. गॉर्डीने आधी ऐकलंच नाही असं दाखवलं आणि मग तो हसत सुटला. सातव्या फेरीत ए! या टेबलावर पहिल्या फेरीतल्या पोरालासुद्धा ए क्वचितच मिळायची. दोनशे चाळीस पौंडांचा गार्ड, गुडघ्यातून गेलेला, आणि बाईसाहेब त्याला ए देतायत. तो हसून हसून लाल झाला. डोळे पुसत त्याने विचारलं, “तू या माणसाला कधी खेळताना तरी पाहिलंयस का?”

“एकेचाळीस वर्षं,” लोरेटा म्हणाली.

गॉर्डीचं हसू लगेच थांबलं नाही, थोडं पुढे गेलं आणि मग एकटं पडून बंद झालं. त्याने फळ्याकडे पाहिलं. डावा गार्ड. सहा फूट एक. डावा गुडघा, दोनदा. वाचताना त्याचे ओठ हलत होते. रे गॉर्डीच्या चेहऱ्याकडे पाहत होता, तिथे काय म्हणायचं ते नेहमी मिळायचं, आज मिळत नव्हतं. एमिलने कुणाला न विचारता पेलकीच्या नावासमोर, एफच्या शेजारी, ए लिहिली. तिच्याखाली आडवी रेघ त्याने दोनदा ओढली.

लोरेटाच्या हातातला फोन थरथरला. खरं नाव आलं होतं. तिने ते वाचून दाखवलं, कॉलेज वाचलं, उंची आणि वजन वाचलं, आणि फोन टेबलावर उपडा ठेवला.

त्या पोराला कुणीच ग्रेड दिली नाही, आणि खुर्चीसाठी हात वर करायची गोष्टही कुणी काढली नाही.