वर म्हणजे कुठे

शनिवारी सकाळी आठ वाजता आत्यांची जुनी मोटारसायकल अकरा वर्षांनी सुरू झाली आणि समोरच्या घराचे वाळत घातलेले कपडे निळ्या धुरात दिसेनासे झाले.

येत्या सोमवारपासून गाडी चालवायची नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत्यांना बजावलं होतं. रविवारी लेक न्यायला येणार होती आणि तिच्यासमोर हँडलला हात लावण्याची आत्यांची हिंमत नव्हती. म्हणजे जे काय ते आजच.

इंजिन जोडलं होतं त्यांच्या भाच्याने. भाचा दातांचा डॉक्टर.

"पिस्टनच्या रिंगा नव्या आहेत, आत्या. बसायला दोन-चार दिवस लागतात. तोवर धूर येणारच."

"कवळी बसवल्यावर पेशंटलाही हेच सांगतोस ना?"

"भावजी, रिंगा नाहीत, व्हॉल्व्ह गेलेत," त्याचा मेहुणा म्हणाला. "व्हिडिओत बघितलंय मी."

"व्हिडिओ बघूनच तू आमचा मिक्सर दुरुस्त केलास."

"चालतोय की!"

"उलटा चालतोय."

निवाडा करण्याचा एक सोपा उपाय होता. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं, प्लग परत लावायचा आणि किक मारून बघायची. रिंगांच्या फटी तेलाने तात्पुरत्या बुजतात आणि किक जड होते. व्हॉल्व्हला त्याचा फरक पडत नाही. आत्यांचा औषधाचा चमचा कामी आला. आधी किक कुरकुर न करता खाली जात होती. तेलानंतर तिने भाच्यालाच वर उचललं.

"रिंगाच," मेहुणा खट्टू होऊन म्हणाला. भाचा त्याहून खट्टू झाला, कारण रिंगा त्याने स्वतः बसवल्या होत्या.

दुपारपर्यंत पिस्टन बाहेर आला. दुसऱ्या रिंगवर मोहरीहून बारीक ठिपका असतो. तो पिस्टनच्या माथ्याकडे हवा. इथे तो खाली तोंड करून होता. अशी रिंग तेल खाली खरवडण्याऐवजी वर ढकलते आणि ते जळून निळा धूर होतो.

"पण मी ठिपका वरच ठेवला होता. शप्पथ!"

"बसवलीस कशी, ते दाखव," भाच्याची बायको म्हणाली.

तो स्टुलावर बसला. पिस्टन मांडीवर घेतला, माथा स्वतःच्या पोटाकडे. दवाखान्याच्या खुर्चीत पेशंटचं डोकं असतं, अगदी तसा. मग त्याचं बोट ठिपक्यावर थबकलं: त्याला जे वर वाटत होतं, ते पिस्टनचं खाली होतं.

"अगं, वीस वर्षं सगळं जग मी असंच बघतोय," तो हळूच म्हणाला.

पहिली रिंग दोन्ही बाजूंनी सारखीच असल्यामुळे वाचली होती.

"माझी खालची दाढ तूच काढलीस ना रे?" आत्यांनी विचारलं.

"ती बरोबर काढली."

"खालचीच काढलीस?"

आत्यांनी जीभ फिरवून खात्री करून घेतली.

जुन्या बनावटीची दुसरी रिंग गावात मिळणार नव्हती आणि जास्त ताणली तर असलेली काडकन मोडली असती. भाच्याने ती अंगठ्यांच्या नखांनी उकलायला घेतली. "भावजी, सावकाश," असं मेहुणा तीनदा म्हणाला. चौथ्यांदा त्याच्या बहिणीने, म्हणजे भाच्याच्या बायकोने, त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं. रिंग अख्खी निघाली. भाच्याने पिस्टन टेबलावर उभा केला, स्वतः त्याच्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांकडून वदवून घेतलं, की वर म्हणजे हेच वर.

गाडी जोडून होईतो ऊन उतरलं. आत्या जेवल्यापासून हेल्मेट घालून बसल्या होत्या. त्यांनी भाच्याला बाजूला सारलं आणि स्वतः किक मारली. तिसऱ्या किकेला इंजिन धडधडलं. धूर बघायला सगळे मागे धावेपर्यंत त्यांनी गिअर टाकलाही होता.

"एकच फेरी, आत्या! गल्लीच्या टोकापर्यंत!"

"टोक कुठलं ते मी ठरवीन!"

दिवेलागण झाली तरी त्या परतल्या नव्हत्या. त्यांचा फोन स्वयंपाकघरात वाजत होता. लेकीचा होता, म्हणून कोणी उचलत नव्हतं. मेहुणा कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे जाऊन आला. बाई पुलाच्या दिशेने गेल्या, असं दुकानदाराने सांगितलं. सुसाट.

"आणि धूर?" भाच्याने विचारलं.

"विचारलं मी. मागे काहीतरी उडत होतं म्हणाला. धूर होता की धूळ, ते त्याला सांगता येईना."