झाकणाच्या आतला दहावा पत्ता

मित्रांनो, हल्ली पाव पिशवीतून येतो आणि पिशवीतच संपतो. त्यामुळे मला कुणी ओळखलं नाही, तर मी ते मनाला लावून घेत नाही. मी एक जुना पावाचा डबा आहे. पत्र्याचा, फिकट हिरवा, पुढून उघडणाऱ्या झाकणाचा. एका कोपऱ्याला पोचा आहे, तो जिन्यावरून घरंगळल्याचा. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका नदीकाठच्या गिरणीच्या गावात माझं सगळं आयुष्य गेलं, आणि त्यातलं बहुतेक भाड्याच्या घरांत गेलं.

मला कोणत्या कारखान्यात ठोकून काढलं ते सांगता येणार नाही. माझी आठवण सुरू होते ती ऑलिव्हा लामूरे हिच्या हातांपासून. ती लोकरीच्या गिरणीत कामाला होती आणि लग्नाच्या वर्षी तिनं मला हौसेनं घरी आणलं. पुढे गिरणी बंद पडली, नवराही लवकर गेला, आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांना वाढू लागली. तिला दोन मुलं. थोरली डेनीज आणि तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा रोझेर. रोझेर मनानं निर्मळ, पण समज बेताची. दर शनिवारी ऑलिव्हा पाव भाजायची आणि तो निवला की माझ्यात ठेवायची. तिचा पाव बुधवारपर्यंत मऊ राहतो, असं शेजारणी कौतुकानं म्हणायच्या. त्यातलं थोडं श्रेय माझं होतं, पण डब्याला कोण विचारतो?

घरं मात्र टिकत नव्हती. कधी मालकाच्या मुलाचं लग्न ठरे, कधी घरच विकलं जाई, कधी भाडं एकदम वाढे. मग चंबूगबाळं आवरून आम्ही पुढच्या घरी. अशाच एका घरबदलानंतर रोझेर कामावरून सुटला तो सवयीनं जुन्या घरी गेला आणि कुणी दार उघडेना म्हणून बर्फात पायरीवर बसून राहिला. डेनीजला तो सापडला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. त्या दिवसापासून ऑलिव्हानं एक रीत पाडली. नव्या घरात पाऊल टाकलं की ती खिळ्यानं माझ्या झाकणाच्या आत तिथला पत्ता कोरायची.

"सकाळी पाव घेताना शेवटची ओळ वाचायची," तिनं रोझेरला बजावलं. "जिथे हा डबा, तिथे आपलं घर."

तो रोज मोठ्यानं वाचायचा. असे नऊ पत्ते झाले. तोवर रोझेर चाळिशीला आला होता, जुन्या कपड्यांच्या दुकानात कपडे निवडायचं काम करत होता. डेनीज इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती आणि ऑलिव्हाच्या बोटांना संधिवातानं गाठी आल्या होत्या.

वस्तीच्या जमीन ट्रस्टची बातमी डेनीजनं आणली. जमीन ट्रस्टची, कायमची. तिच्यावरचं घर आपण विकत घ्यायचं, तेही आपल्याला झेपेल अशा किमतीत. पुढे विकायचं झालं तर अवाच्या सवा पैसे घ्यायचे नाहीत, म्हणजे आपल्यामागून येणाऱ्यालाही ते झेपतं. मालक नाही, नोटीस नाही. ऑलिव्हानं हे तीनदा समजावून घेतलं आणि मग अर्ज भरायला लावला. अर्जाचे सगळे कागद माझ्यात राहू लागले, पावाच्या खाली. डेनीज संध्याकाळच्या वर्गांना जाऊन छपराची आणि नळांची काळजी कशी घ्यायची ते शिकून आली. चार वर्षं वाट पाहण्यात गेली. मग टॅनरी गल्लीतलं अकरा नंबरचं पिवळं घर आमच्या वाट्याला आलं. निजायच्या तीन खोल्यांचं. मोठी कुटुंबं खोळंबलेली असायची, म्हणून माणसांपेक्षा जास्त खोल्या द्यायच्या नाहीत असा ट्रस्टचा नियम होता, आणि आम्ही बरोबर तिघं होतो.

घर बघायला ऑलिव्हा मला मांडीवर घेऊन गेली. स्वयंपाकघरात कपाटाखालच्या कोपऱ्यात तिनं मला ठेवून पाहिलं. मी तिथे असा बसलो की बोटभरही फट राहिली नाही. ती बराच वेळ कोपऱ्यावरून हात फिरवत होती. घरी आल्याबरोबर तिनं खिळा शोधला आणि दहावा पत्ता कोरायला घेतला. अजून सही व्हायची आहे, डेनीज म्हणाली.

"आज मला खिळा धरता येतोय," ऑलिव्हा म्हणाली. "महिन्यानं येईल की नाही कोण जाणे."

दुसऱ्या दिवसापासून रोझेर दहावी ओळ वाचू लागला.

सहीआधी ट्रस्टला एक पत्र द्यावं लागतं. छापील चालत नाही. आपण काय घेतोय आणि काय घेत नाही, ते आपल्या हातानं, आपल्या शब्दांत लिहायचं. डेनीज टेबलाशी बसून लिहीत होती आणि ऑलिव्हा बीन्स निवडता निवडता सुचवत होती. त्यातलं एक वाक्य म्हातारीचं होतं: 'हे घर आमच्याइतकंच आमच्या पाठीमागे रांगेत उभ्या असलेल्यांचं आहे, हे आम्ही विसरणार नाही.' त्या पत्राचा कच्चा कागद माझ्यातच राहिला.

सहीला नऊ दिवस उरले असताना, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, ऑलिव्हा गेली.

मी लोखंडाच्या पत्र्याचा आहे, पण त्या आठवड्यात मला माझं रिकामेपण सोसवलं नाही. शनिवार आला आणि पाव आला नाही.

खालच्या मजल्यावरच्या बुशार्डबाई रश्शाचं भांडं घेऊन आल्या आणि डेनीजजवळ बसून हळूच म्हणाल्या, "ट्रस्टला एवढ्यात कळवू नकोस. मेलेलं माणूस कागदावर एक आठवडा उशिरा मेलं, तर कुणाचं काय जातं?"

बाई गेल्यावर डेनीजनं रोझेरला समोर बसवलं आणि शिकवलं, की ट्रस्टच्या कचेरीत कुणी विचारलं तर आई निजली आहे म्हणून सांगायचं. रोझेरनं मान हलवली. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मग तिच्या खोलीत कोण निजणार?"

डेनीजनं माझं झाकण उघडलं आणि तो कच्चा कागद काढला. आईचं वाक्य तिनं वाचलं, परत वाचलं. मग ओट्याला धरून ती मोठ्यानं रडली. सकाळी तिनं ट्रस्टला फोन केला.

ट्रस्टच्या विल्मा हॅस्केट स्वतः घरी आल्या. त्याही ट्रस्टच्याच घरात राहतात. त्यांनी चहा घेतला नाही. "तीन खोल्या दोघांना दिल्या, तर रांगेतल्या पाच माणसांच्या कुटुंबाला मी काय सांगू?" एवढं बोलून त्यांनीही डोळे टिपले. दोन खोल्यांच्या यादीत आमचं नाव वर राहील, पण तसं घर आज एकही नाही, असं सांगून त्या गेल्या. पिवळं घर दिलमाया रसाइली नावाच्या बाईला मिळालं. नेपाळमधल्या निर्वासितांच्या छावणीत वाढलेली ती. घरात नवरा, सासू आणि दोन मुली.

डेनीजनं रोझेरला सगळं समजावलं. पण झाकणाच्या आत शेवटची ओळ तीच होती, आणि तो रोज सकाळी ती वाचत होता. एका गुरुवारी कामावरून सुटल्यावर तो थेट टॅनरी गल्लीत गेला आणि अकरा नंबरच्या पायरीवर बसला. दिलमायानं त्याला आत घेतलं, चहा दिला, आणि त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहून डेनीजला बोलावलं. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला. मग पुन्हा.

डेनीजनं एकदा खिळा हातात घेतला. दहाव्या ओळीवर टेकवला. आईच्या दुखऱ्या बोटांनी काढलेली ती वाकडी अक्षरं होती, तिला खोडवेना. पण मी त्यांच्या घरात असेन तोवर रोझेर ती ओळ वाचतच राहणार होता. तिनं पहिल्यांदाच स्वतः पाव भाजला. तो एका बाजूनं करपला. नव्या घरी शुभ म्हणून नेतात तसा तो पाव आणि मीठ तिनं माझ्यात ठेवलं आणि रोझेरसोबत दिलमायाकडे आली.

"हा इथे ठेवून घ्या," डेनीज म्हणाली. "आईनं जागा बघून ठेवली होती."

मी त्या कोपऱ्यात बसलो. बोटभरही फट राहिली नाही. रोझेरनं झाकण उघडून शेवटची ओळ मोठ्यानं वाचली, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "आता बरोबर आहे." मग त्यानं कोट काढून खुंटीला अडकवला. डेनीजनं तो काढला आणि परत त्याला घालून दिला.

मित्रांनो, आता माझ्यात सेलरोटी, म्हणजे तांदळाच्या पिठाची नेपाळी गोड कडी, असते आणि ती मऊ ठेवायची कला मी या वयात शिकतो आहे. दिलमायाच्या मुली मला रोज पुसतात. त्यांना आणि तुम्हालाही माझं एवढंच सांगणं आहे. बाहेरून मला हवं तितकं घासा, पण झाकणाची आतली बाजू ओल्या फडक्यानं हलकेच पुसा. तिथे नऊ पत्ते चौघांचे आहेत: ऑलिव्हाचे, डेनीजचे, रोझेरचे आणि माझे. दहावा माझ्या एकट्याचा आहे.