पट्ट्या काढा

"आम्ही नाही मारणार त्याला. त्यांना सांगा मारायला."

दंडाला निळी पट्टी बांधलेल्या दांडग्या माणसाने हातातली रबरी काठी डायरेक्टरच्या पायाशी टाकली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. समोर पिवळ्या पट्टीवाल्यांनी लगेच गलका केला. "वा रे वा! पडद्यावर पत्रकाराचे खुनी आम्ही, आणि तुम्ही तेवढे धुतल्या तांदळासारखे?"

मी रंगांची पेटी मांडीवर घेऊन बाजूला बसले होते आणि खरं सांगते, मला हसू आवरत नव्हतं. सिनेमात जखमा रंगवणं हा माझा धंदा. तुटलेलं बोट, फुटलेलं डोकं, जळालेली पाठ, सांगाल ते करून देते. पण एवढे घोडे झालेले बाप्ये खोट्या पट्टीवरून रुसून बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते.

सिनेमा युद्धाचा. एक देश, त्याचे झाले दोन तुकडे, आणि त्या धुमश्चक्रीत एक पत्रकार फोटो काढत फिरतो. कोण कोणाशी लढतंय आणि कशावरून, हे कुठेच सांगितलेलं नव्हतं. "मुद्दामच," डायरेक्टर मला म्हणाला होता. "दोन्हीकडची तिकिटं खपली पाहिजेत ना, ताई." आमचं शहरही तेव्हा असंच फाटलेलं होतं. एकाच बोळातली माणसं एकमेकांच्या दुकानात पाऊल टाकत नव्हती. गर्दी अस्सल दिसावी म्हणून ह्या शहाण्याने दोन्ही गटांतली माणसं रोजंदारीवर उचलून आणली होती, एका गटाला निळ्या पट्ट्या आणि दुसऱ्याला पिवळ्या. काय म्हणावं ह्या अकलेला!

आणि आमचे हे. हे म्हणजे माझा नवरा, इथल्याच एका पेपरचा फोटोग्राफर. सिनेमात ह्यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं. सल्ला कोणी ऐकत नव्हतं, ती गोष्ट वेगळी. हीरो गोळीबारात छाती पुढे काढून धावायचा, ओठांत सिगारेट, केस एकदम व्यवस्थित. "अहो, आम्ही असं नाही धावत," हे बिचारे समजावून सांगायचे. "आम्ही आधी भिंत शोधतो. पाय लटलटतात आमचे. निम्मे फोटो त्यानेच हलतात."

"लोकांना भित्रा हीरो नको असतो, साहेब," डायरेक्टर म्हणायचा. विषय संपला.

त्या दिवशी जमाव पत्रकाराला मारतो तो प्रसंग होता. हीरो काही मार खाणार नव्हता, त्याच्याऐवजी पाठमोरा डमी लागायचा, आणि तो नेमका तापाने आडवा. डायरेक्टरची नजर ह्यांच्यावर गेली. उंची तीच, खांदे तेच. "रबरी काठ्या आहेत. दोन मिनिटांचं काम."

"काही नको," मी म्हटलं. "वय काय तुमचं, करायला निघालात काय."

"अगं, एकदा तरी हीरो होऊ दे की मला. घरी कुठे होऊ देतेस?"

हसले मी. पाठमोरे दिसणार होते तरी मीच ह्यांच्या कपाळावर जखम रंगवली, मीच गालांवर रक्त ओघळवलं. मेली जमलीही फार झकास.

इकडे पट्ट्यांचं भांडण मिटेना. शेवटी डायरेक्टर वैतागून ओरडला, "पट्ट्या काढा सगळ्यांनी! कोणी कोणाच्या बाजूचा नाही. नुसता जमाव. झालं समाधान?"

झालं. दोन्हीकडच्यांचं झालं. पट्ट्यांचा ढीग पडला, कोणीतरी काहीतरी पाचकळ बोललं आणि सगळे मिळून हसले. किती दिवसांनी ही माणसं एकत्र हसली असतील! मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं मला.

शॉट सुरू झाला. जमावाने ह्यांना घेरलं, रबरी काठ्या धपाधप पडायला लागल्या. ठरल्याप्रमाणे हे गुडघ्यांवर बसले. तेवढ्यात एकजण वाकून ह्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "अरे, हा तर खराच आहे! तो पेपरवाला! ह्यानेच आमचे फोटो छापले होते, गाडी जाळतानाचे."

पलीकडून आवाज आला, "आमचेपण छापले होते!"

मग काठ्या खाली पडल्या आणि बूट सुरू झाले. पहिली लाथ बरगडीत, दुसरी तोंडावर. ह्यांनी उठायचा प्रयत्न केला तसं दोघांनी केस धरून डोकं रस्त्यावर आपटलं. सेटवर विटा खोट्या होत्या, पण रस्ता खरा होता. डायरेक्टर टाळ्या वाजवत होता. "वा! असंच! थांबू नका!" हे हात वर करून ओरडत होते, आणि सिनेमातही पत्रकार हात वर करून ओरडतो असंच लिहिलेलं होतं. मग ह्यांनी गळ्यातला कॅमेरा काढून भिरकावून दिला आणि दोन्ही हातांत डोकं धरलं. आयुष्यात ह्या माणसाने कॅमेरा हातातून सोडला नव्हता.

"थांबवा!" मी किंचाळत धावले. मला वाटेत कोणाचा तरी कोपर बसला, दात हलला. एकाने लाइटचा लोखंडी स्टँड उचलला. मी बघितलं. उचललेला बघितला आणि ह्यांच्या मानेवर पडलेलाही बघितला. कलिंगड फुटावं तसा आवाज आला. मग सगळे पळाले. दोन्हीकडचे एकाच दिशेने पळाले.

दवाखान्यात तरुण डॉक्टर धावत आला आणि थेट कपाळावर बँडेज दाबायला लागला. "अहो, ते माझं आहे!" मी त्याचा हात खेचला. "मी रंगवलंय ते! मागे बघा, मानेकडे बघा!" तो माझ्याकडे वेड्यासारखा बघत राहिला. मी पदराने रगडून ह्यांचं कपाळ पुसून दाखवलं, तेव्हा कुठे त्याने मान उचलून बघितली. मग त्याने हातातलं बँडेज बाजूला ठेवलं. ऊन उतरायच्या आत हे गेले. माझ्याकडे बघितलंही नाही हो जाताना, डोळेच उघडले नाहीत.

तास उलटला नसेल, दारात निळ्यांचा पुढारी. हात जोडून. "ताई, त्यांनी मारलं एवढंच म्हणा. चौकाला साहेबांचं नाव देऊ." तो जिना उतरतोय तोवर पिवळ्यांचा आला. तेच हात, तोच चौक. दोघांनाही मी असं काही हासडलं की नर्स बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात. डायरेक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं की शॉटमध्ये सगळे पाठमोरे आहेत, चेहरे नाहीत.

"चेहरे माझ्याकडून घ्या," मी अधिकाऱ्याला म्हटलं. "काल सकाळी एकेकाच्या तोंडाला मी माझ्या हाताने काजळी फासली आहे. ओळीने उभे करा, दाखवते."

"ते बघू. आधी कोणत्या बाजूच्यांनी मारलं ते सांगा."

"दोन्ही."

त्याने पेन खाली ठेवलं. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. "बाई, दोन्ही घेतलंत तर वरून दोन फोन येतील आणि मला कोणालाच हात लावता येणार नाही. एक बाजू सांगा. संध्याकाळपर्यंत आत टाकतो."

मोह झाला मला. खोटं कशाला बोलू? निम्मे तरी सडले असते, रात्री तेवढं डोळ्यांपुढे आणून झोपले असते. पण मग उरलेले निम्मे ह्यांचा फोटो खांद्यावर घेऊन मिरवणूक काढणार. स्टँड उचलणाराच पुढे असेल, हार घेऊन.

"दोन्ही," मी म्हटलं. "लिहा. नाही लिहिलंत तर उद्या येते. परवा येते."

त्याने पेन पुन्हा उचललं. मग लिहिलं. मी सही करताना त्याने कागदाचं टोक धरून ठेवलं. शिपायाने ह्यांचे बूट आणून दिले, सेटवरून आणलेले.

बाहेर फाटकाशी दोन घोळके थांबलेले, मधे रिकामी वाट. निळ्यांतल्या त्या दांडग्याने विचारलं, "काय सांगितलंत, ताई?" समोरच्या घोळक्याचेही कान इकडे.

"जे झालं ते," मी म्हटलं. "तुम्ही सगळे होतात, असं सांगितलं."

दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मी बूट छातीशी धरले आणि त्यांच्या मधल्या वाटेने घरी चालत गेले.