दुसरा राब

डोंगर विझला, पण गाव विझले नव्हते. माझ्या ओटीवर जमलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर तोच फोटो होता: खाचरात पेटलेला राब, शेजारी हातात जळती चूड घेतलेला दयाराम, आणि खाली ओळ, ‘वणवा लावणारा हाच.’

खाचर माझे होते. पावसाआधी रोपांच्या जागेवर पालापाचोळा, शेण आणि माती अंथरून ती भाजायची, हाच राब; ही आमची पूर्वापार रीत. त्याखेरीज भाताचे रोप जोर धरत नाही. राब भाजायचा तो सकाळी, डोंगरावरचा वारा खाडीकडे उतरत असताना. दुपारी खारा वारा उलटा फिरतो, तेव्हा काडी पेटवायची नाही. त्या सकाळी माझ्या शेतावर कामाला असलेल्या दयारामने राब भाजला तो माझ्या सांगण्यावरून. डोंगर पेटला तो दुपारी.

माझी सून सुचिता गावची पोलीस पाटील आहे. तिने उभे राहून तहसील कचेरीचे निवेदन वाचले. “वणवा राबामुळे लागल्याचा संदेश निराधार आहे. आग डोंगराच्या पलीकडच्या अंगाला लागली. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.”

मग सुजित हसला. गावाचा व्हॉट्सॲप गट हाच चालवतो, त्यामुळे आपणच गाव चालवतो असा त्याचा समज आहे.

“काकी, तुमचाच शब्द हाय. साहेब ‘नाही’ म्हणाला की ‘हो’ समजायचं.”

तो शब्द माझा होता आणि मी तो मागे घेणार नव्हते. गेल्या उन्हाळ्यात ‘वणवा आटोक्यात आहे’ असे याच कचेरीने कळवले, तेव्हा माझी वरची काजूची बाग डोळ्यांदेखत जळत होती. त्या दिवसापासून कचेरीचा कागद मी या घरात उंबऱ्याच्या आत घेतलेला नाही. आता तोच कागद माझ्या बाजूने बोलत होता, आणि मला ते मुळीच रुचत नव्हते. खोट्या माणसाने आपल्या बाजूने साक्ष दिली, तर आपलीच बाजू संशयात येते.

“किती दिलं असेल हो साहेबाला?” मागून कोणीतरी म्हणाले.

“दयारामकडं द्यायला हाय काय?” सुजित म्हणाला, आणि त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली. माझ्या ओटीवर बसून! मी सर्वांना घरी जायला सांगितले. ते गेले, पण रोजच्यासारखे ‘येतो काकी’ कोणी म्हणाले नाही.

दयाराम तेवढा खांबाला टेकून राहिला. त्याच्या मुलीचे, प्राप्तीचे, लग्न उरणच्या कोंडाजींच्या मुलाशी ठरले होते.

“काकी, फोटो तिकडं पोचला. उद्या कोंडाजी येतात, साखरपुड्याचा नारळ परत करायला.”

“खरे सांग. वारा फिरेपर्यंत रेंगाळला होतास का?”

त्याने मान वर केली. “तुमी पन?”

संशय माझ्याही मनात होता, आणि तो नसल्याचा आव मला आणता येत नाही. माझ्या खाचराला लागूनच खालची काजूची बाग आहे. वरची जळाल्यावर उरली ती एवढीच.

“बागेखालच्या खाचरात दुसरा राब रचून ठेव,” मी म्हणाले. “उद्या तो तूच भाजायचास. कोंडाजींसमोर, साऱ्या गावासमोर.”

सुचिता आतून धावत आली. “आई, अशा वेळी? पाटील म्हणून मी हे कसं होऊ देऊ?”

“पाटील म्हणूनच उभी राहा. पाण्याचे हंडे भर, झोडपायला ओले डहाळे ठेव. मी रीत मोडायला सांगत नाही, पाळायला सांगते आहे.”

सकाळी गाव बांधावर उभे होते. अर्धे बघायला, अर्धे मोबाइल उंचावून. कोंडाजी नारळाची पिशवी हातात घेऊनच गाडीतून उतरले. पेट्रोलच्या टँकरचा धंदा, बोलणे रोखठोक.

“काकी, आमच्या धंद्यात बिडीला पन परवानगी न्हाय. आग लावनाऱ्याच्या घरची सोयरीक कशी चालेल, बोला ना.”

“बसा. नारळ मांडीवर ठेवा. परत द्यायची वेळ आली तर मी स्वतः घेईन.”

मी मूठभर माती हवेत सोडली. ती खाडीकडे गेली. मी मान हलवली आणि दयारामने बागेकडच्या कडेवरचा पाचोळा हाताने साफ केला, मग चूड टेकवली. राब भडकत नाही. अंगावर माती घेऊन तो कुढत राहतो. धूर बागेकडे पाठ करून खाली उतरला. पदराआड माझी मूठ आवळलेली होती, ती कोणाला दिसली नाही.

राख बसली तसे लोक निघू लागले. कोंडाजी उठले नाहीत.

“आता वारा फिरेल तेव्हा?” त्यांनी विचारले.

हा माणूस मला आवडला. “तेच बघायला बसायचे आहे,” मी म्हणाले, तेव्हा निघालेलेही थांबले.

दुपारी खारा वारा आला. राखेची पांढरी लाट बागेकडे उडाली. ठिणगी एकही नव्हती. दयारामने अनवाणी पायाने राख उलटून दाखवली. कोंडाजी स्वतः वाकले, तळहात टेकून बराच वेळ तसाच ठेवला.

“थंड हाय,” ते पुटपुटले.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून त्यांच्या पत्नीचा आवाज बांधावरच्या सर्वांना ऐकू आला. “अवो, बघितलात काय? त्यानं परत आग लावली! व्हिडिओ आलाय!”

सुजितने घाईने मोबाइल खिशात घातला. “मी न्हाय टाकला, शप्पथ!”

“अगं, मी हितंच बांधावर बसलोय,” कोंडाजी म्हणाले. “काय पन पेटलं न्हाय.”

“असं सांगायला लावलं असंल तुमाला त्यांनी!”

कोंडाजींनी हताश होऊन माझ्याकडे पाहिले. नारळाची पिशवी अजून त्यांच्या दुसऱ्या हातात होती. मी हात पुढे केला. तो नारळासाठी आहे असे वाटून दयारामने डोळे मिटले. मी फोन घेतला.

“विहीणबाई, मी जनीकाकी बोलते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, यजमानांवरही ठेवू नका. उद्या सकाळी वारा फिरायच्या आत इथे या. माझे एक खाचर अजून भाजायचे आहे.”